तुकडी टिकली तर

एक मे म्हटलं की लोकांना झेंडावंदन आठवतं. मला आठवतं ते निराळंच. आमच्या शाळेत त्या दिवशी सकाळी झेंडा व्हायचा आणि लगेच वर्गावर्गात निकाल वाटायचे. माझी नेमणुकीची ऑर्डर मात्र तीस एप्रिलपर्यंतचीच असायची. म्हणजे मी टेबलाशी उभी राहून एकेका पोराला जवळ बोलावून निकाल द्यायचे, पाठीवर हात फिरवायचे, सुट्टीत पाढे विसरलात तर बघा म्हणून दटावायचे, तेव्हा कागदोपत्री माझा त्या शाळेशी काही संबंध नसायचा. रस्त्यावरून जाणारी कोणी बाई आत शिरून निकाल वाटून गेली असती तरी शिक्षण खात्याला फरक पडला नसता. पोरं विचारायची, "बाई, पुढच्या वर्षी तुम्हीच ना?" मी म्हणायचे, "मग कोण?" बोलायला काय जातं.

शाळा उल्हासनगरात, पाच नंबरच्या कॅम्पात. पहिली ते सातवी, मराठी माध्यम. एका अंगाला जीन्स शिवणारे कारखाने, दुसऱ्या अंगाला सिंधी दुकानदारांची रांग. मी कविता शिकवायला घेतली की पलीकडच्या मशिनी सुरू व्हायच्या, मग मी मशिनींच्या वर आवाज काढायचे. माझा आवाज अजून तसाच आहे. माझ्याशी बोलताना लोक फोन कानापासून लांब धरतात.

राहायचे मी अंबरनाथला, बुवापाड्यात. वडील कारखान्यात होते, त्यांची ही खोली. ते गेले, मागोमाग आई गेली. भावाने बदलापूरला ब्लॉक घेतला आणि बायकोपोरांना घेऊन तो तिकडे गेला. मला "चल" म्हणाला होता, खोटं कशाला सांगू. पण वहिनीच्या चेहऱ्यावर दुसरंच लिहिलेलं होतं आणि मला वाचता येतं. मी इथेच राहिले.

आता टेंपररी म्हणजे काय ते सांगते, कारण ज्यांनी भोगलं नाही त्यांना तो नुसता शब्द वाटतो. जूनमध्ये ऑर्डर मिळायची, एप्रिलअखेर संपायची. सलग राहू दिलं तर बाई कायम होऊन बसेल, म्हणून मे महिन्यात मुद्दाम तोडायचं आणि जूनमध्ये पुन्हा जोडायचं. जोडलं तर. अशी माझी तीन वर्षं झाली होती. स्टाफरूममध्ये एक सर नेहमी म्हणायचे, "तुम्हाला काय काळजी बाई, तुमच्यासाठी जागा राखीवच असते." आम्ही बौद्ध, म्हणून. राखीव जागेवर आमच्या शाळेत आधीच एक बाई कायम होत्या, आणि त्या रिटायर होईपर्यंत माझे केस पिकले असते. हे त्या सरांना चांगलं ठाऊक होतं. तरी म्हणायचे. मी हसायचे. टेंपररी माणसाला राग परवडत नाही. घरी आल्यावर मात्र तळपायाची आग मस्तकात जायची, आणि दोन शब्द ऐकवावेत तर घरात माणूस नसायचं. मग मी भांडी जरा जोरात घासायचे.

मे महिन्यात 'विचारायला' जावं लागायचं. बदलापूरला, संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांच्या बंगल्यावर. तिथे जाऊन विचारायचं मात्र काही नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्या शाळेतल्या एका जुन्या टेंपररी बाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, की नोकरीचा विषय आपण काढायचा नाही. जायचं, बसायचं, साहेबांची तब्येत विचारायची, अंगणातल्या झाडांचं कौतुक करायचं, चहा आला तर घ्यायचा. उठायच्या वेळी साहेबच म्हणणार, "बघू." ते 'बघू' कुठल्या सुरात निघालं त्यावर आपण महिनाभर काढायचा. सावकाश, लांब ओढून म्हणाले तर आशा आहे. तुटक म्हणाले तर दुसरीकडे अर्ज टाकायला घ्या. मी आणि त्या बाई परतताना स्टेशनपर्यंत त्या एका शब्दाचा कीस पाडायचो.

साहेबांकडे त्याच दिवसांत लोणच्याचा घाट असायचा. विचारायला आलेल्या बायांना बाईसाहेब आत बोलवायच्या, म्हणजे साहेबांची बायको, आणि त्या बाया खाली बसून मोठ्या अडकित्त्याने कैऱ्या फोडायच्या. जुन्या बाईंचा तिथे दरवर्षी नंबर लागायचा. कैऱ्या फोडता फोडता त्या बाईसाहेबांच्या कानावर सगळं घालून मोकळ्या व्हायच्या, घरचं आजारपण, पोरांच्या फिया, सगळं. जूनमध्ये त्यांची ऑर्डर सगळ्यांत आधी तयार असायची. मला आत कधीच बोलावलं नाही. मी बाहेर हॉलमध्ये पंख्याखाली, आणि आतून कैऱ्या फुटण्याचा आवाज. पहिल्या वर्षी मी आपणहून उठून म्हटलं, "मी येऊ का मदतीला?" बाईसाहेब गोड हसल्या. "नको हो, तुम्ही बसा. लोणच्याचं फार जपावं लागतं." कुणापासून जपावं लागतं ते मला न सांगता कळलं. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तरी मी खाली बसले, चहा घेतला आणि निघताना जास्वंदीचं कौतुक केलं.

मी सांगतेय त्या वर्षी जुन्या बाई कल्याणच्या एका शाळेत कायम होऊन गेल्या होत्या. नव्वद सालाच्या पुढचा काळ, नक्की कुठलं साल ते आता सांगता येणार नाही. विचारायला जाणारी मी एकटीच उरले होते. साहेब झोपाळ्यावर बसले होते. मी तब्येत विचारली. ते म्हणाले, बरी आहे. झाडांकडे वळणार, तेवढ्यात त्यांनीच विषय काढला. मला दचकायलाच झालं.

"बाई, तिसरी ब चं काही खरं दिसत नाही," ते म्हणाले. "पट घसरलाय. जो तो पोराला इंग्लिश मिडियमला टाकतोय. मुलं नसतील तर खातं तुकडी काढून घेतं. तुकडी गेली की जागा गेली. तुमची जागा ती."

 काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

"सुट्टीत मुलं आणा," ते म्हणाले. "तुकडी टिकली तर तुम्ही टिकलात."

तुम्हाला सांगते, मला आनंद झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी मला अट घातली होती. 'बघू'चं काय करणार, त्याला धरायला जागा नसते. अट पुरी करता येते. मी स्टेशनपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

मास्तरांनी मे महिन्यात पोरं गोळा करत हिंडायचं, हे आमच्याकडे नवीन नव्हतं. पण कायम असलेले सर आणि बाई दोन सकाळी हिंडायचे, गावाला निघून जायचे. मला गाव असं नव्हतंच. मी डोक्यावर पदर घेऊन, पिशवीत पाण्याची बाटली टाकून रोज निघायचे. सुरुवात घराजवळून केली, म्हटलं बुवापाड्यात आपली ओळख आहे. एका घरात मुलाची आई तांदूळ निवडत होती. मी दहा मिनिटं मातृभाषेबद्दल बोलले. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मराठीतच शिकलात ना? डी.एड. पण केलंत. मग अजून परमनंट का नाही झालात?" ती टोमणा मारत नव्हती, हो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "होईन आता," आणि पुढच्या दाराकडे वळले.

पाच नंबरला तर वेगळीच तऱ्हा. कारखान्यांतले कारागीर म्हणायचे, "मॅडम, बच्चे तो गांव में हैं." एका कापडाच्या दुकानात मी नोकरांच्या पोरांसाठी विचारायला गेले. शेठ सिंधी, अंगाने आडवा, मनाने मोकळा. "साईं, पहले मॅडम को पानी पिलाओ," म्हणाला. मग मला समजावायलाच बसला. "मॅडम, बुरा मत मानना. मराठी में डालेगा तो लडका आगे जाके क्या करेगा? मैंने अपना लडका सिंधी स्कूल में नहीं डाला, तो आपके में कैसे बोलूं डालने को?"  पाणी प्यायले, थँक्यू म्हटलं, उन्हात उतरले. असे बरेच दिवस गेले. चपलेचा अंगठा तुटला, तो शिवून घेतला, पुन्हा तुटला. एक पोर मिळालं नाही.

संध्याकाळी घरी यायचे तेव्हा आमच्या ओळीतली निम्मी दारं कुलपात असायची. सगळे गावाला. मेच्या त्या दिवसांत जांभूळच्या जलकेंद्रातून पाणी उशिरा सुटायचं, एरवी नळावर भांडणं व्हायची. आता भांडायलाही कोणी नसायचं. मी एकटी हंडा लावून उभी राहायचे. एकदा बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. सकाळपासून दारोदार घसा ताणून बोलले होते, पण ते सगळं शाळेबद्दल. माझ्याशी माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं त्याला किती दिवस झाले ते आठवेना. भावाकडे जावं तर तो दारातच विचारायचा, "झालं का गं तुझं काम?" तो काळजीनेच विचारायचा. पण त्या एका प्रश्नापायी मी त्याच्याकडे जायचं सोडलं होतं. मला बघून गेलेल्या दोन स्थळांनीही तोच प्रश्न विचारला होता, जरा आडवळणाने. मुलगी काळी आहे का गोरी, हे नंतर. आधी, कायम आहे का.

मग मला शाळेजवळच्या नाल्यापलीकडचं सुचलं. वस्ती मोठी, बरीचशी मराठी, घरकाम करणाऱ्या बायका आणि कारखान्यांत धागे कापणाऱ्या. तिकडे आमच्यासारखीच एका संस्थेची मराठी शाळा होती, पण पार गेलेली. पत्र्याची, गळकी, संडासाला दार नाही. त्या आयांना मराठीचं महत्त्व पटवायची गरजच नव्हती. त्यांची पोरं मराठीतच होती, दुसरीतून तिसरीत जाणारी. मला हवी होती तीच. मी सांगायला लागले, आमच्याकडे पक्की इमारत आहे, बाकं आहेत, नळाला पाणी आहे, मुलींसाठी वेगळं आहे. या शेवटच्या गोष्टीवर आया एकमेकींकडे बघायच्या. मला कळलं, आता जमलं.

एक आई मात्र अडून बसली. तिची मुलगी दारात उभी राहून वेणीचं टोक चावत ऐकत होती.

"शाळा गळकी आहे ते खरंय बाई," आई म्हणाली, "पण तिथले सर फार चांगले आहेत. पहिलीपासून तेच. पोरं वर चढतात तसे सर पण वर चढतात, चौथीपर्यंत सोडत नाहीत. हिला वाचायला त्यांनीच शिकवलं."

"सर चांगले असतील," मी म्हटलं, "पण उद्या मुलगी मोठी होईल. संडासाला दार नाही, तिथे सर काय करणार?"

"तुम्ही शिकवणार का हिला? तुम्ही स्वतः?"

"मीच. तिसरी ब माझी."

तिने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या भरवशावर घालते हां बाई," ती म्हणाली. ती तयार झाली तशी सगळी गल्ली तयार झाली. त्या शाळेतला तिसरीचा जवळजवळ अख्खा वर्गच मी उचलून आणला म्हणा ना. शेवटचा दाखला आला त्या दिवशी मी नाक्यावर थांबून उसाचा रस प्यायले आणि रसवाल्याला उगाचच म्हटलं, "आज माझं काम झालं." तो म्हणाला, "अच्छा है, मॅडम." तेवढंही पुरलं मला.

जूनमध्ये शाळा भरली, तिसरी ब गच्च. मी मोठ्या बाईंकडे गेले, मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी माझी पाठ थोपटली. ऑर्डरचं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही शिकवायला सुरुवात करा. साहेबांनी तोंडी सांगितलंय. सप्टेंबरअखेर खात्याची माणसं पट मोजायला येतात, एकदा पट लागू दे, तुकडी मंजूर होऊ दे, मग ऑर्डर." ठीक आहे म्हटलं. इतके दिवस थांबले, अजून थोडे.

नवी पोरं सुरुवातीला बावरलेली होती. मध्येच एखादं म्हणायचं, "आमचे सर असं नाही करायचे." फळ्यावर तारीख कुठे लिहायची इथपासून सरांचं वेगळं होतं. मी चिडायचे. "आता मी आहे ना? माझ्या पद्धतीने लिहा." ती वेणी चावणारी मुलगी पुढच्या बाकावर बसायची. ती वाचायची मात्र सुरेख, जिथे थांबायचं तिथे थांबून. मला मनातून त्या सरांचा हेवा वाटायचा. पुढे हळूहळू पोरं माझी झाली. गणपतीनंतर तर मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवतीच घोळका. डब्यातलं काहीबाही माझ्या हातावर ठेवायची. मी एरवी एकटीच जेवणारी बाई, मला त्या दिवसांत दुपारची भूक लागायला लागली.

पट मोजायला माणसं येणार त्या दिवशी मी सकाळीच वस्तीत जाऊन पोरांना घरातून बाहेर काढलं. एकाला ताप होता, त्याला कडेवर आणून बाकावर बसवलं. खात्याच्या साहेबांनी मोजलं, मान हलवली, गेले. तुकडी टिकली. मोठ्या बाई म्हणाल्या, "सुटलात." मी पुन्हा ऑर्डरचं विचारलं. "मंजुरीचा कागद येऊ दे. दिवाळीनंतर."

त्या दिवाळीला मी भावाकडे गेले. दारातच त्याने विचारलं आणि मी पहिल्यांदा म्हटलं, "झालं." त्याने आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला, "ऐकलंस का, हिचं झालं." वहिनीने माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मी भाचरांबरोबर भुईचक्रं लावली, खूप हसले. परत आले तेव्हा आमच्या ओळीतल्या सगळ्या दारांत पणत्या होत्या आणि माझं दार अंधारात होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

सुट्टी संपली, शाळा भरली. पहिलाच तास, मी भागाकार घेतला होता. दाराशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, चष्मा, काखेत रेक्झिनची बॅग. मी "कोण पाहिजे?" विचारायच्या आत मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "सर!" आणि माझा अर्धा वर्ग उठून दाराकडे धावला. कोणी त्यांचा हात धरला, कोणी बॅग. ती वाचणारी मुलगी त्यांच्या पोटाला डोकं टेकून उभी राहिली, तशी माझ्याजवळ ती कधी उभी राहिली नव्हती.  वाटलं, हे पोरांना परत न्यायला आले.

मी खडू हातात घेऊनच पुढे गेले. "हे बघा सर, दाखले झालेत, पट लागलाय. आता तुम्हाला एकही मूल नेता येणार नाही."

ते अवघडले. चष्मा काढून पुन्हा लावला. "मी न्यायला नाही आलो बाई," ते म्हणाले. "मला इथे पाठवलंय."

मोठ्या बाईंच्या खोलीत मला सगळं कळलं, आणि कळायला फार वेळ लागला नाही. नाल्यापलीकडच्या शाळेत तिसरीला पुरेशी मुलंच उरली नाहीत, म्हणून ती तुकडी बंद झाली. तुकडी बंद झाली, म्हणून हे सर तिथे अतिरिक्त ठरले. पण सर कायम. कायम माणसाला खातं वाऱ्यावर सोडत नाही, जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवतं. आणि जवळची रिकामी जागा कुठली, तर आमची तिसरी ब. मी टिकवलेली.

"रिकामी कुठे आहे, मोठ्या बाई?" मी म्हटलं. "मी आहे ना तिथे."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "पण जागा रिकामीच आहे."

मी साहेबांना फोन लावायला सांगितला. मोठ्या बाई 'नको' म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. मी इतकी वर्षं तब्येत विचारली होती, झाडं वाखाणली होती. त्या दिवशी मी तब्येत विचारली नाही. मी सरळ म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात, तुकडी टिकली तर मी टिकले."

 ते शांतपणे म्हणाले, "टिकली ना तुकडी. संस्था तुमची आभारी आहे, बाई."

मी रिसीव्हर ठेवला. मनात काय होतं ते तेव्हा कळलं नाही. आज कळतं. राग होताच, पण त्याहून जास्त लाज होती, की मी वेडी रसवाल्याला, भावाला, सगळ्यांना सांगून बसले होते. आता त्या सगळ्यांकडे जाऊन परत काय सांगणार होते मी?

सर बाहेर व्हरांड्यात थांबले होते. त्यांनाही आत काय झालं ते ऐकू गेलं असणार, माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे.

"आदेशात जागा रिक्त असं होतं," ते म्हणाले. "इथे कोणी असेल असं मला वाटलं नाही." मग जरा थांबून, "मे महिन्यात वस्तीत एक बाई दारोदार हिंडल्या म्हणे. त्या तुम्हीच?"

"मीच."

"तेव्हा मला फार राग आला होता," ते म्हणाले. "वीस-बावीस वर्षं ती शाळा. वर्ग उघडला तर आत चार मुलं. मी त्या चौघांना पुढे बसवून शिकवलं काही दिवस." ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, त्यामुळे मला जास्त टोचलं. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. मनापासून चिडायचं होतं, कोणावर तरी. जमलं नाही. आणि मी काही वाईट केलं असंही मला वाटत नाही, आजही नाही. पोरींना दार असलेला संडास मिळाला, तो मी मिळवून दिला. पण त्या व्हरांड्यात आम्ही दोघं उभे होतो, एक माणूस नोकरी असून पोरांमागे हिंडत आलेला आणि एक पोरं असून नोकरी नसलेली, आणि एकमेकांना देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

"कुठपर्यंत आलंय?" त्यांनी विचारलं.

"भागाकार सुरू केलाय. बाकी उरली की गोंधळतात. सारखा ताप येणारा एक मुलगा आहे, त्याला खिडकीत बसवू नका. कविता तीन झाल्या." मी सांगत गेले, ते मान हलवत गेले. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं, म्हणून ते सांगायची वेळच आली नाही. खडू अजून माझ्या मुठीत होता, ओला झालेला. तो मी त्यांना दिला. ते वर्गात गेले आणि पोरं उभी राहून एका सुरात "नमस्ते सर" म्हणाली.

मी स्टाफरूममधून पिशवी घेतली. कायम असलेले सगळे तासावर होते, निरोप घ्यावा असं कोणी तिथे नव्हतं. जिन्याशी आले तर मागून चपला वाजल्या. ती वाचणारी मुलगी. सरांना पाण्याला जाते सांगून आली होती.

"बाई, आमचे सर इथे आले."

"हो, बघितलं मी."

तिने वेणीचं टोक तोंडात धरलं, सोडलं. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं, गणित सोडवताना दिसायची तशी दिसत होती. "मग आता तुम्ही आमच्या जुन्या शाळेत जाणार ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. एक माणूस इकडे आला तर एकाने तिकडे जायचं. मला तिला समजावता आलं असतं, पण काय समजावणार होते मी आठ वर्षांच्या पोरीला?

"हो," मी म्हटलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तिथे आता कोणीच नाहीये." आणि ती पळत सरांच्या वर्गात गेली.